कोपराच्या टोकावरची रेघ

भाला हातातून सुटायचा त्या क्षणीच दुखायचं. धावताना नाही, हात मागे नेताना नाही. भाला बोटांतून निघाला आणि हात सरळ झाला, की कोपराच्या मागच्या टोकावर, जिथे आपण टेबलाला कोपर टेकवतो तिथे, खिळा ठोकल्यासारखं व्हायचं आणि लगेच थांबायचं. लगेच थांबायचं म्हणून मी महिनाभर कुणाला सांगितलं नाही.

तेव्हा मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि वसतिगृहात राहत होते. आमचं गाव नागभीडच्या पलीकडे, धानाच्या शेतांमधलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे कुठली गोष्ट सरांना सांगायची असते आणि कुठली आपणच सहन करायची असते, हे विचारायला घरी कुणी नव्हतं. मी आपली सगळंच सहन करायचे. पुस्तक मिळालं नाही तरी, शिकवलेलं कळलं नाही तरी, कोपर दुखलं तरी.

सरांनी मात्र ओळखलं. आमचे खेळाचे सर मूळचे अहेरीकडचे. ते मैदानाच्या कडेला उभे राहून भाल्याकडे बघत नाहीत, फेकणाऱ्याकडे बघतात. भाला कुठे पडला ते जमीन सांगते म्हणतात. एक दिवस त्यांनी मला थांबवलं.

"काऊन वं, भाला सोडल्यावर हात लपवून काऊन राह्यली तू?"

मी म्हटलं, काही नाही सर. त्यावर ते म्हणाले की 'काही नाई' हा आजार त्यांनी पंचवीस वर्षांत लय पोरींना झालेला पाहिला, आणि तो मलमाने बरा होत नाही. मग मी सांगितलं. सांगताना मला रडू आलं, त्याचं कारण दुखणं नव्हतं. कारण हिवाळ्यातल्या स्पर्धा होत्या.

डिसेंबरच्या शेवटी गडचिरोलीला सगळ्या कॉलेजांच्या स्पर्धा व्हायच्या होत्या. भालाफेकीत पहिल्या दोघींना विद्यापीठाच्या संघात घेणार होते, आणि तो संघ दुसऱ्या राज्यात खेळायला जाणार होता. मी तोपर्यंत नागपूरच्या पुढे गेले नव्हते. आदल्या वर्षी मी तिसरी आले होते, अगदी थोडक्यात. हे लिहायला मला संकोच वाटतो, पण खरं सांगायचं तर त्या संघाचा निळा ट्रॅकसूट मी मनात कितीतरी वेळा घालून पाहिला होता. गावात बसमधून उतरते आहे आणि तो अंगात आहे, असा.

सरांनी मला जवळच्या दवाखान्यात पाठवलं. तिथे एक्स-रे काढला. हाड चांगलं दिसतंय, ताण आला असेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या दिल्या आणि तीन आठवडे भाला बंद ठेवायला सांगितला. त्यांचं चुकलं नव्हतं. अशी बारीक चीर सुरुवातीला एक्स-रेत बरेचदा दिसतच नाही, हे मला पुढे कळलं.

भाला बंदच म्हटल्यावर मी चार सुट्ट्या जोडून दोन आठवड्यांसाठी घरी गेले. जुलै संपत आला होता आणि गावात रोवणा सुरू होता. रोवणा म्हणजे धानाची लावणी. आमच्याकडे त्या दिवसांत घरात कुणी सापडत नाही. कुत्रीसुद्धा शेतावर असतात.

मी सांगितलेलं सगळं पाळलं. भाला तर दूरच होता. मायने पाण्याची बादली हातातून काढून घेतली. बाबांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला मी पेशंट असल्याचं सांगून टाकलं. मोठीमाय, म्हणजे माझ्या मोठ्या काकू, 'हिले कॉलेजातून कोपराची पदवी भेटली' असं म्हणून सगळ्या गावाला हसवत होत्या. मला काही काम नव्हतं, म्हणून मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी राहून पेंढ्या फेकायचे.

हे थोडं समजावून सांगते. रोवण्याच्या सकाळी पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून त्यांच्या मुठीएवढ्या पेंढ्या बांधतात. मग त्या पेंढ्या चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, जागोजागी फेकायच्या असतात. बाया ओळीने वाकून मागे मागे सरकत रोवत जातात, तेव्हा प्रत्येकीच्या हाताशी पेंढी पाहिजे. फार जवळ पडली तर चिखल तोंडावर उडतो, फार लांब पडली तर ओळ मोडते. साधारण लोक पेंढी खालून झोका देऊन फेकतात. मी लहानपणापासून वरून फेकायचे, कानाजवळून, सरळ. एका धुऱ्यावर उभं राहून दोन बांध्या पलीकडे पेंढी पोचवणारी पोरगी आमच्या शिवारात मीच होते. शाळेतल्या मास्तरांनी मला पहिल्यांदा बांबूचा भाला हातात दिला तो मला रोवण्यात पाहूनच.

त्या वर्षीही मजा आली. पाऊस रिमझिम चालू, चिखलाचा वास, बायांची गाणी, आणि मधूनच मोठीमायची हाक.

"माह्या समोर टाक वं, माह्या पाठीवर नको. पाठीत काय धान उगवते?"

एकदा मी मुद्दाम त्यांच्या समोर, अगदी हातभर अंतरावर पेंढी पाडली. चिखल उडून त्यांच्या चष्म्यावर बसला. चष्मा न काढताच त्यांनी मला जे काही म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही. ओळीतल्या सगळ्या बाया हसून हसून खाली बसल्या आणि पाच मिनिटं रोवणा थांबला.

अकरा दिवस मी फेकत होते. संध्याकाळी कोपर ठणकायचं. माय मोहाच्या बियांचं तेल गरम करून लावायची आणि पाण्यानं झालं असन म्हणायची. मलाही तसंच वाटायचं. आम्हाला कुणालाच कसं सुचलं नाही याचं आज हसू येतं. पण आमच्याकडे पेंढ्या फेकणं कामात धरतच नाहीत. काम म्हणजे पऱ्हे उपटणं, काम म्हणजे वाकून रोवणं. संध्याकाळी कंबर मोडली नाही तर दिवसभर माणूस बसूनच होता, असा हिशोब. बसूनच होते की मी, अकरा दिवस.

चंद्रपूरला परतले तेव्हा वसतिगृहाचं जड दार उजव्या हाताने ढकलता येईना. वेणी घालताना हात मागे नेला की कळ यायची. सरांनी मैदानावर माझे दोन्ही हात पुढे सरळ करायला लावले. डावा सरळ झाला, उजवा थोडा वाकलेलाच राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी खेळाडूंची हाडं पाहणाऱ्या एका डॉक्टर मॅडमची वेळ घेतली आणि मायला फोन करून बोलावून घेतलं. माय सकाळच्या गाडीने नागभीडहून आली. पिशवीत माझ्यासाठी पोह्यांचा चिवडा आणि डॉक्टरांसाठी शेतातल्या काकड्या होत्या. डॉक्टरांना काकड्या देत नसतात असं मी तिला सांगून पाहिलं.

मॅडमनी आधी कागद पाहिलेच नाहीत. एका बोटाने दाखव, नेमकं कुठे, म्हणाल्या. मी बोट ठेवलं. मग त्यांनी आजूबाजूला दाबत दाबत, आतून, बाहेरून, वरून, शेवटी नेमकं त्या टोकाच्या हाडावर अंगठा टेकवला आणि मी स्टुलावरून उठलेच. नंतर त्यांनी माझा दंड धरला आणि हात झटकन सरळ केला. पुन्हा तीच कळ, भाला सुटतानाची. हीच का, त्यांनी विचारलं. हीच, मी म्हटलं.

मग प्रश्न सुरू झाले. किती वर्षं फेकतेस, आठवड्यात किती दिवस, सकाळी सरावाआधी काय खातेस. चहा, मी म्हटलं. चहासोबत काय? चहाच. पाळी नियमित येते का? मी सरांकडे पाहिलं, सर घाईघाईने बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. मी खरं खरं सांगितलं. मॅडमनी लिहून घेतलं आणि शेवटी विचारलं की तीन आठवडे आराम करूनही हे वाढलं कसं? आरामात हाड सुधारायला पाहिजे.

हा प्रश्न मायला लागला. आपण पोरीला आराम दिला नाही असं कुणी म्हणतंय असं तिला वाटलं.

"एक बादली उचलू नाई देली मी तिले," माय म्हणाली. "दिवसभर धुऱ्यावर उभी राहून नुसत्या पेंढ्या फेके. दुसऱ्या कायले हात नाई लावू देला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या कोरपन्याकडच्या, कापसाच्या मुलखातल्या. रोवणा त्यांनी रस्त्यावरून जाताना पाहिला होता, पण पेंढ्या फेकतात म्हणजे काय करतात हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी एक टॉवेल नळाखाली भिजवला, पिळला, गुंडाळला आणि मला दिला. एवढी जड असते का? याहून थोडी जास्त, चिखल असतो ना, मी म्हटलं. त्यांनी आणखी भिजवला. मग म्हणाल्या, जोरात नको, फक्त हात कसा जातो ते दाखव. मी दाराजवळ उभी राहिले आणि सवयीने हात कानाजवळून नेला. जोर करायचा नव्हता, पण टॉवेल समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरला लागून खाली पडला आणि मी कोपर धरून वाकले.

"हे दिवसातून किती वेळा?" मॅडमनी विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आधीच माय बोटांवर मोजायला लागली होती. एका बांधीला इतक्या, दिवसाला इतक्या बांध्या. "पाच-सहाशे असतीन," ती म्हणाली, थोड्या अभिमानाने.

मॅडमनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्या हसत होत्या. बराच वेळ हसल्या, मग माफी मागितली, मग पुन्हा हसल्या. भाल्याच्या सरावात मी दिवसाला तीस-चाळीस फेकी करायचे. आरामासाठी मी घरी जाऊन त्याच्या पंधरापट फेकून आले होते. मायला अजून कळलं नव्हतं. मी तिला हळू आवाजात सांगितलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "बाप्पा, ते फेकणं होय का?"

आजार काय असेल ते मॅडमनी आम्हाला त्यांच्या गावाच्या रस्त्यावरून समजावलं. सिमेंटचे ट्रक रोज जातात, रस्त्याला बारीक भेगा पडतात. मध्ये थोडी सवड मिळाली तर डागडुजी होते आणि रस्ता टिकतो. सवड मिळालीच नाही तर त्याच भेगा जुळून एक मोठी होते. हाडही स्वतःची डागडुजी स्वतः करतं, पण त्याला वेळ आणि खाणं दोन्ही लागतं. हात झटक्याने सरळ होताना कोपराचं मागचं टोक दरवेळी सांध्यात जाऊन आदळतं, आणि दंडाचा मागचा स्नायू त्याच वेळी त्याला ओढत असतो. मी त्याला वेळही दिला नव्हता आणि नाश्ताही.

नक्की कळायला एमआरआय करावा लागला. हात डोक्यावर सरळ नेऊन पालथं झोपायचं होतं. तो पुरता सरळ होत नव्हता, म्हणून खाली उशा लावल्या. आतून धान चुरायच्या, म्हणजे मळणीच्या, मशीनसारखा आवाज. मी डोळे मिटून मनात धावत होते, सोळा पावलं, भाला वर, आणि दरवेळी फेकायच्या आधी थांबत होते.

मॅडमनी चित्र उजेडावर धरून दाखवलं. हाडाच्या टोकात पांढरट धुकं होतं आणि त्या धुक्यात एक काळी बारीक रेघ. केसाएवढी. ती हाडाच्या आरपार गेली नव्हती, अर्ध्यावर थांबली होती. मॅडम म्हणाल्या, ही रेघ इथेच थांबून मिटली तर ऑपरेशन नको. पुढे गेली तर स्क्रू घालावा लागेल आणि यंदाच्या स्पर्धा विसर. मायने त्या रेघेकडे फार वेळ पाहिलं. एवढीशी, ती म्हणाली, हिच्यासाठी एवढी मोठी मशीन?

उपचार ऐकायला सोपे होते. सहा आठवडे कोपराला बिजागरीचा पट्टा, ज्यात हात वाकतो पण शेवटपर्यंत सरळ होत नाही. सकाळी पोटभर नाश्ता, अंडी, दूध, डाळ. पायांचा आणि पोटाचा व्यायाम चालू. आणि फेकणं बंद. या वेळी मॅडमनी नुसतं भाला बंद असं लिहिलं नाही. त्यांनी कोरा कागद घेतला आणि विचारलं, तुमच्या गावात काय काय फेकतात? भाला, गोळा, चेंडू, पेंढ्या. मायने भर घातली, गायीमागे ढेकूळ. चिंचा पाडायला काडी. आंब्याले गोटा. मी म्हटलं, माय, आत्ता आंबे कुठे आहेत. माय म्हणाली, लिहून ठेवा मॅडम, हिचा भरवसा नाई. मॅडमनी सगळं लिहिलं, खाली सही केली आणि मायच्या हातून काकड्या घेतल्या.

तो कागद मी खोलीच्या दारावर चिकटवला. मैत्रिणी येता-जाता त्यात भर घालायच्या. परीक्षेत चिठ्ठी, असं एकीने लिहिलं.

खरी गोष्ट मात्र सरांनी शोधली. टॉवेलचा किस्सा ऐकून ते दोन दिवस हसत होते, तिसऱ्या दिवशी हसायचे थांबले आणि त्यांनी माझे जुने व्हिडिओ काढले. फोनवर एकेक चित्र थांबवून ते मला दाखवत होते. पाय धावत येतात, पण फेकायच्या क्षणी कंबर पुढे वळतच नाही. जोर सगळा हाताचा, शेवटचा झटका सगळा कोपराचा.

"तू अजून धुऱ्यावरच उभी आहेस," सर म्हणाले.

मला लगेच समजलं. धुरा वीतभर रुंद असतो. त्यावर पाय हलवले की माणूस चिखलात. म्हणून मी लहानपणापासून पाय रोवून, कंबर धरून, नुसत्या हाताने फेकायला शिकले होते, आणि चांगलं शिकले होते. त्याच फेकीने मला मैदानावर आणलं आणि तिनेच माझं हाड चिरलं. आजवर कुणी ती बदलली नाही, कारण ती लांब जायची.

मग सहा आठवडे मी रिकाम्या हाताने फेक शिकले. पट्टा बांधून, भाल्याशिवाय, मैदानाच्या कोपऱ्यात. डावा पाय टेकव, कंबर वळव, छाती वळव, हात शेवटी येऊ दे. येऊ दे, आणू नको, सर म्हणायचे. मैदानावर सकाळी फिरायला येणारे आजोबा लोक मला काय झालंय ते सरांना विचारायचे. सर गंभीरपणे सांगायचे की अदृश्य भाला आहे, लय महाग असते. आठवडाभराने एका आजोबांनी खरंच मला वाट देताना भाल्यापुरती जागा सोडली.

नाश्ता करायला मला आधी लाज वाटली. वसतिगृहाच्या खानावळीत सकाळी दोन अंडी मागणारी मी एकटीच होते. मग माझ्याबरोबर आणखी दोघी मागायला लागल्या, मग खानावळीतल्या बाई न विचारता ताट वाढायला लागल्या. दोन महिन्यांत माझी पाळी वेळेवर आली. हे कुणाला सांगायचं असतं का, मला कळेना. मी मॅडमना सांगितलं. त्यांना भाल्याची फेक सुधारल्याएवढा आनंद झाला.

घरून फोन यायचे. मोठीमायला वाईट वाटत होतं, पण त्यांना ते सरळ बोलता येत नाही. त्या म्हणाल्या, तू गेल्यावर तुझा काका पेंढ्या फेके, अन् सगळ्या आमच्या डोक्यावर पडत. मग त्यांनी गावातल्या एकीबरोबर जवसाचे लाडू पाठवले, एवढे की सरांनाही पुरले.

सहा आठवड्यांनी मॅडमनी पुन्हा त्या टोकावर अंगठा टेकवला. मी डोळे मिटून वाट पाहिली. काहीच झालं नाही. अजून दाबा, मी म्हटलं. त्यांनी दाबलं. हात झटक्याने सरळ केला, तो डाव्याएवढा सरळ झाला. नवीन चित्रात धुकं विरत आलं होतं आणि रेघ शोधावी लागत होती. मॅडमनी पट्टा काढला आणि टेनिसचा चेंडू दिला. दहा पावलांवरून भिंतीवर, दिवसाआड, वीस वेळा, त्याहून एक जास्त नाही. दर आठवड्याला अंतर थोडं वाढवायचं. मग हलका बांबूचा भाला, उभ्याने. मग खरा, पाच पावलांवरून. डिसेंबरपर्यंत ठीक राहिलं तर स्पर्धेचं पाहू.

ठीक चाललं होतं. नोव्हेंबर संपताना, बांबूच्या भाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात, एका सकाळी मी उठले आणि हात दुखत होता.

मी पलंगावर बसून राहिले. सांगितलं तर पुन्हा पट्टा, आणि स्पर्धा गेल्या. नाही सांगितलं तर चार आठवडे काढता येतील. महिनाभर तर मी आधीही लपवलं होतं, मला ते जमतं. खूप वेळ मी दारावरच्या त्या कागदाकडे बघत होते, पण त्यात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. शेवटी मला एवढंच वाटलं की मागच्या वेळी मी एकटीनेच ठरवलं होतं, आणि एकटीने ठरवलेलं चुकलं होतं. मी मैदानावर गेले आणि सरांना म्हटलं, सर, दुखतं आहे.

सरांनी शिट्टी खिशात ठेवली. त्यांनी मोटारसायकल काढली. वाटेत मी मनातल्या मनात तो निळा ट्रॅकसूट काढून घडी घालून ठेवला. दवाखान्यात मॅडम म्हणाल्या, एका बोटाने दाखव. मी दाखवायला गेले आणि माझं बोट कुठे थांबावं तेच कळेना. कोपराच्या टोकावर नव्हतंच. खांद्यामागे होतं, बरगड्यांच्या बाजूला होतं, थोडं पोटातही होतं. मॅडमनी टोकावर जोरात दाबलं. तिथे शांत होतं.

"हे फेकायचं दुखणं आहे," मॅडम म्हणाल्या. "अंग पहिल्यांदा कामाला लागलंय तुझं. याला आराम एक दिवस, बस."

सर बाहेरच्या बाकावर होते. मी बाहेर येऊन सांगितलं तर त्यांनी मला मारायला हात उगारला आणि तसाच डोळे पुसायला नेला. मग आम्ही दोघांनी स्टँडसमोर सांबारवडा खाल्ला. इतका चांगला सांबारवडा मी परत कधी खाल्ला नाही, त्याच गाडीवर जाऊनही.

स्पर्धेच्या चार दिवस आधी मॅडमनी परवानगी दिली, पण अर्धी. भालाफेकीत सगळ्यांना तीन फेकी मिळतात, मग पहिल्या आठ जणींना आणखी तीन. मला फक्त पहिल्या तीन. हाड भरलंय, पण नवीन आहे, त्या म्हणाल्या. चौथी फेक केलीस तर माझ्याकडे पुन्हा येऊ नको. ही अट त्यांनी मला नाही, मायला फोन करून सांगितली. त्यांना आमच्या घरातलं कळलं होतं.

गडचिरोलीच्या मैदानावर सकाळी थंडी होती. माय आणि मोठीमाय आदल्या दिवशीच येऊन एका नातेवाइकाकडे उतरल्या होत्या. दोघी दोरीला चिकटून उभ्या होत्या. माझी पहिली फेक जेमतेम पडली, मी हाताला जपत होते. दुसऱ्या फेकीला भाला जमिनीत रुतलाच नाही, शेपटी आधी टेकली आणि लाल झेंडा वर गेला. तिसरीच्या आधी सर दोरीपाशी आले. हात शेवटी येऊ दे, एवढंच म्हणाले.

मी धावले. डावा पाय टेकला, कंबर वळली, आणि मग मला काही करावंच लागलं नाही. भाला गेला. हात सरळ झाला आणि मी खिळ्याची वाट पाहिली, तो आला नाही. भाला कुठे पडला ते मी पाहिलं नाही, मी माझ्या कोपराकडे बघत उभी होते. अडतीस मीटरच्या पुढे. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब फेक. मी दुसऱ्या क्रमांकावर आले.

मग मला खुर्चीवर बसावं लागलं. सात जणी आणखी तीन-तीन फेकी करणार होत्या आणि माझं नाव पुकारलं की मी हात वर करून पास म्हणायचं. मला तो पाऊण तास नीट सांगता येणार नाही. पंचांनी पहिल्यांदा विचारलं, बेटा, नक्की? मी मायकडे पाहिलं. ती दोरीपलीकडून तर्जनी हलवत होती, नाई, नाई. मोठीमाय मात्र तिला ढोसत होत्या की एक तं फेकू दे. तिसऱ्या क्रमांकाची मुलगी उंच आणि ताकदवान होती. तिची पाचवी फेक माझ्या खुणेच्या हातभर अलीकडे पडली. सहावीला ती धावत आली तेव्हा मी डाव्या हाताने माझं उजवं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं, ते उठून जाईल म्हणून. भाला उंच गेला, छान गेला. दोन पंच टेप घेऊन वाकले, पुन्हा वाकले. मग एकाने आकडा सांगितला. माझ्याहून अकरा सेंटिमीटर कमी.

मोठीमाय दोरी ओलांडून मैदानात आल्या. त्यांना बाहेर काढायला दोन स्वयंसेवक लागले. ती उंच मुलगी माझ्याजवळ आली, हात मिळवला आणि म्हणाली की तू बाकीच्या तीन फेकल्या असत्या तर मला इतकी आशा तरी लागली नसती. आम्ही दोघी हसलो. आता आम्ही मैत्रिणी आहोत.

सरांनी मॅडमना फोन लावून माझ्या हातात दिला. मला वाटलं त्या आधी निकाल विचारतील.

"किती फेकल्यास?"

"तीन."

"आईला दे फोन."

मी मायला फोन दिला. माय दोन्ही हातांनी फोन धरून म्हणाली, "तीनच मॅडम. मी सोता मोजल्या." मग तिने थोडा वेळ ऐकलं, हाव हाव म्हणाली, आणि माझ्याकडे फोन परत दिला.

"आता सांग," मॅडम म्हणाल्या, "कितवी आलीस?"